बोरिवलीची थंडी आणि तीन आठवड्यांची लेक

ताई, नमस्कार. माझी मुलगी तीन आठवड्यांची आहे. पूर्ण दिवसांची, जन्मतः वजन २ किलो ९०० ग्रॅम, अंगावरच पिते. आम्ही बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला राहतो. मला आई नाही, म्हणून सासूबाई नाशिकहून बाळंतपणाला आल्यात आणि माझं सगळं मनापासून करतात. पण बाळाच्या कपड्यांवरून रोज कुरबुर होते. त्या तिला दोन झबली, लोकरीचा स्वेटर, टोपडं, हातमोजे, पायमोजे आणि वरून जाड दुपटं असं दिवसभर ठेवतात, खिडक्याही बंद. नवरा म्हणतो, मुंबईत कसली आलीय थंडी, एक झबलं पुरे. बाळाच्या मानेवर बारीक पुरळ उठलंय आणि कधीकधी ती लालबुंद होऊन रडते. मला संध्याकाळी तिला घेऊन खाली जरा चालायचंय, घरात बसून बसून जीव गुदमरतो. सासूबाई म्हणतात, सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, वारं लागेल. बाहेर नेऊ का? नेलं तर काय घालू? आणि संक्रांतीला नाशिकला जायचं घाटतंय, तिथल्या थंडीचं काय?
— बोरिवलीची नवी आई

तुझं पत्र वाचलं. लेकीला बाहेर ने, हे आधी सांगून टाकते. पूर्ण दिवसांची, नीट पिणारी, वजन धरणारी मुलगी संध्याकाळी अर्धा तास इमारतीच्या आवारात फिरून आली तर तिला काही होत नाही. सव्वा महिन्याच्या रीतीमागे बाळंतिणीला विसावा मिळावा आणि बाळाजवळ येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ नसावी, हा शहाणपणा होता, आणि वर्दळीचा भाग मी आजही सगळ्यांना सांगते. लग्नाचा हॉल, मॉल, लोकलचा डबा, देवळातली रांग हे पहिले दोन-तीन महिने नकोच. सर्दी-खोकला झालेला पाहुणा तर दारातूनच परत. पण मोकळ्या हवेशी या बाळाचं काही वैर नाही.

आता कपडे. तुझ्या घरात दोघंही अर्धे बरोबर आहेत. नवऱ्याचं म्हणणं आपल्या हवेला धरून आहे. मुंबईत जानेवारीत दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो, पहाटे सांताक्रूझला सोळा-सतरा अंशांवर येतो. कुलाब्याला समुद्रामुळे त्याहून दोन-तीन अंश उबदार, आणि तुमच्याकडे जंगलाच्या कडेला त्याहून थोडं गार. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती, तेवढी थंडी आपल्या शहराने पुन्हा पाहिली नाही. म्हणजे जाड लोकर दिवसभर अंगावर हवी अशी आपली थंडी नाहीच.

सासूबाईंचं म्हणणं बाळाच्या शरीराला धरून आहे. नवजात बाळाला खरंच आपल्यापेक्षा लवकर गार लागतं. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा आधी निवतो, तसंच हे. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा खूप जास्त, त्यातून डोकं शरीराच्या मानाने मोठं, त्वचेखालची चरबी पातळ. शिवाय आपल्याला थंडी वाजली की हुडहुडी भरते आणि त्या थरथरण्यातून ऊब तयार होते, तसं नवजात बाळाला करता येत नाही. निसर्गाने त्याला खांद्यांच्या पात्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ एक खास तपकिरी चरबी देऊन ठेवलेली असते, ती जाळून ते ऊब निर्माण करतं. ती जळायला प्राणवायू आणि साखर लागते. सतत गारठ्यात राहिलं तर वजन वाढवायची ताकद बाळ ऊब धरण्यात खर्च करतं. त्यामुळे सासूबाईंची काळजी पोकळ नाही, हे तू मनात पक्कं धर.

पण याच बाळाला उकाडाही तितकाच जड जातो, आणि ही बाजू आपल्याकडे कुणी बोलत नाही. तिला दुपटं लाथाडता येत नाही, टोपडं काढता येत नाही, घामही मोठ्यांसारखा येत नाही. जास्तीची उष्णता बाहेर टाकायला तिच्याजवळ मुख्य जागा एकच, उघडं डोकं आणि चेहरा. घरात टोपडं घातलं की तीच वाट बंद होते. झोपेत बाळ अचानक दगावण्याच्या ज्या दुर्दैवी घटना जगभर अभ्यासल्या गेल्या, त्यांत बाळाला अतिउबदार ठेवणं हे धोका वाढवणारं एक कारण म्हणून पुढे आलं आहे. म्हणून घरात, आणि झोपताना तर नक्कीच, टोपडं नको, तोंडापर्यंत येईल असं सैल पांघरूण नको, मोहरीची उशी नको, आणि बाळ उताणंच झोपवायचं. मानेवरचं बारीक पुरळ आणि लालबुंद होऊन रडणं वाचून मला वाटतं, तुझ्या लेकीला गारठा नाही, उकडतंय. ते घामोळं असावं. एक झबलं, स्वेटर आणि हातमोजे उतरव, मान कोरडी ठेव, पावडर थापू नकोस. दोन दिवसांत पुरळ मावळायला हवं. त्यात पू दिसला, ते पसरलं किंवा बाळ पिईनासं झालं, तर बाळाच्या डॉक्टरांना दाखव.

मग कळायचं कसं, बाळाला गार लागतंय की गरम होतंय? नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी नोकरी झाली, आणि तिथे रोज हाताने करायचो तीच गोष्ट तुला सांगते. आधी आपले हात एकमेकांवर चोळून ऊबदार कर, गार हाताने काही कळत नाही. मग झबल्याच्या गळ्यातून मागच्या बाजूने दोन बोटं आत सरकव, केसांच्या रेषेच्या खाली, पात्यांच्या मध्ये येईपर्यंत. तिथे क्षणभर थांब. बोटांना कोरडी ऊब लागली, तुझ्या हातापेक्षा जराशी जास्त, तर बाळ मजेत आहे. ओलसर, चिकट किंवा तापलेलं लागलं, केस कपाळाला चिकटलेले दिसले, तर लगेच एक कपडा कमी. गार लागलं तर एक कपडा वाढव आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघ. हाताच्या बोटांवर आणि पायांवर एकट्याने भरवसा ठेवू नकोस, ती या वयात बऱ्याचदा थोडी गारच असतात. पोट ऊबदार आणि तळपाय गार असं दिसलं तर बाळाला गारवा जाणवू लागलाय इतकंच समज, पायमोजे आणि एक थर पुरेसा होतो. पोटच गार लागलं तर मात्र ते गंभीर. त्याचं पुढे सांगते.

ही दोन बोटं सासूबाईंनाही घालायला लाव. त्यांच्याच हाताला चिकट मान लागू दे. मी कित्येक आज्यांना असं शिकवलंय आणि त्या फार लवकर तयार होतात, कारण त्यांना बाळाची काळजीच असते आणि काळजीला हाताशी धरायला काहीतरी नेमकं हवं असतं. तू तोंडाने कितीही सांगितलंस तरी ते वाद घालणं होतं.

फिरायला निघताना मोठ्या माणसाला त्या हवेत जे पुरेल त्यापेक्षा एक पातळ थर जास्त, हा ढोबळ हिशोब. आपल्याकडे संध्याकाळी पाच वाजता पारा सव्वीस-सत्तावीस असेल तर आत एक बिनबाह्यांचं मऊ होजियरीचं झबलं, वरून पूर्ण बाह्यांचा पातळ सुती सूट, पायमोजे. वारा असेल तर टोपडं. बस. हवा वीस-बावीसवर आली, म्हणजे सूर्य गेल्यावर किंवा सकाळी, तर त्यावर पुढून उघडणारा एक पातळ स्वेटर किंवा फ्लॅनेलचं जाकीट आणि कडेला एक दुपटं. पुढून उघडणारा, हा शब्द महत्त्वाचा. रिक्षातून उतरून दवाखान्यात शिरलीस की बाळाला न उठवता तो उघडता यायला हवा. डोक्यावरून ओढायचा स्वेटर एकदा घातला की कुणी काढत नाही, आणि त्यातच मुलं उकडून निघतात. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे जास्त ऊब देतात, कारण त्यांच्या मध्ये हवा अडकून राहते, आणि हवं तेव्हा एक काढताही येतो.

सासूबाईंच्या 'वारं लागेल'मध्ये तथ्य आहे, पण वाऱ्याने सर्दी होत नाही, ती विषाणूंनी होते, बहुधा आपल्याच हातांनी आणि शिंकांनी. वारा करतो ते एवढंच की बाळाच्या अंगाभोवतीची ऊबदार हवा उडवून नेतो. विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो, घट्ट विणीच्या सुती कापडातून जात नाही. म्हणून स्वेटर आत आणि दुपटं बाहेर. तुमच्याकडच्या उंच टॉवरांच्या मधल्या बोळातून संध्याकाळी वारा जोरात येतो, तिथून न चालता इमारतीच्या आडोशाला चाल.

दुपटं म्हणशील तर सासूबाईंची जुनी, धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी मिळाली तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मी मनापासून सांगते. घाम शोषते, वजन नाही, बोचत नाही. बाळंतविड्यातली कुंचीही फार विचाराने केलेली वस्तू आहे, डोकं, कान, पाठ एकदम झाकते आणि हातपाय मोकळे ठेवते. तिच्या गळ्याच्या नाड्या तेवढ्या सांभाळ. बाळ तुझ्या हातात असेपर्यंत सैल बांध, आत आल्यावर आधी कुंची सोड. गळ्याला नाडी असलेलं काहीही घालून बाळाला झोपवायचं नाही. ऑनलाइन मिळणारे कान-शेपटीवाले फरचे सूट दिसायला गोड, पण बहुतेक पॉलिस्टरचे असतात, आत घाम साचतो. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा धागाही पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकच असतो. हाताने विणलेला स्वेटर प्रेमाने वापर, पण आत नेहमी सुती कपडा हवा, अंगाला थेट लोकर नको.

मोजे घालायच्या आधी एकदा उलटे करून बघ. आतल्या शिवणीचे सुटलेले दोरे बाळाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात, घट्ट होतात आणि रक्त अडतं. बाळ रडतं आणि कुणाला कारण सापडत नाही. आईचा गळलेला लांब केससुद्धा हेच करतो. कारण न कळता बाळ रडत राहिलं तर मोजे काढून दहाही बोटं बघायची सवय लाव. म्हणूनच हातमोज्यांना माझा विरोध आहे. नखं कापून टाक, हात मोकळे ठेव. हात तोंडाकडे नेणं ही बाळाची भुकेची खूण आहे, मोज्यात ती झाकली जाते.

आणखी एक, आणि ही मी तुला विनवणी करून सांगते. तो लोकरीचा स्वेटर किंवा दुपटी ट्रंकेतून, कपाटातून काढलेली असतील तर त्यांना डांबरगोळ्यांचा वास येतोय का बघ. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. अशा बाळाच्या अंगावर डांबरगोळ्यांतले कपडे आले की त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने चढते आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. नुसतं उन्हात टाकून वास गेला म्हणजे झालं, असं समजू नकोस. वास असलेले कपडे या वयात बाजूलाच ठेव. पुढच्या वर्षासाठी ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल.

गुंडाळण्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण दुपटं आहे म्हणजे गुंडाळणं आलंच. पाय सरळ ओढून, गुडघे जुळवून घट्ट बांधायचे नाहीत. या वयात खुब्याचा गोळा खोबणीत अजून पक्का बसलेला नसतो आणि तसं बांधल्याने तो सरकू शकतो. पाय वाकलेले, बेडकासारखे बाहेर पडलेले राहू देत, छातीशी दुपट्याच्या आत तुझी बोटं सहज शिरावीत. बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद.

बाहेर कधी जायचं, यावर आपल्या शहरात थंडीपेक्षा हवेचा विचार जास्त करावा लागतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूळ-धूर वर जात नाही, खालीच झाकणाखाली राहिल्यासारखा साचतो. सकाळी खिडकीतून जे धुकं दिसतं त्यात पुष्कळ भाग त्याचाच. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की हवा हलते. म्हणून सकाळी सातच्या 'ताज्या हवे'पेक्षा साडेचार ते सहा ही वेळ तुझ्या लेकीला जास्त मानवेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप मोबाइलवर घे. हवेचा निर्देशांक १०० च्या आत असेल तर निश्चिंत जा, २०० च्या वर असेल त्या दिवशी घरातल्या घरात फिर. शेजारी रिडेव्हलपमेंटचं काम चालू असेल तर ती बाजू टाळ, हिरव्या कापडाने धूळ फारशी अडत नाही. सहाच्या आत परत ये. तरी डासांपासून सांभाळ, डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डासांची क्रीम लावायची नाही, त्यामुळे पूर्ण बाह्या, पूर्ण पाय आणि बाबागाडीवर मच्छरदाणी एवढंच तिचं संरक्षण.

कोवळं ऊन अंगावर घ्यायला हरकत नाही, छान वाटतं. पण त्यातून ड जीवनसत्त्व मिळेल हा हिशोब धरू नकोस, सकाळच्या उन्हात ते बनवणारे किरण फार कमी असतात आणि दुपारचं ऊन या वयाला सोसत नाही. वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचे असतात, डॉक्टरांनी लिहून दिले नसतील तर विचारून घे. बाळाला कावीळ वाटली तरी उन्हात ठेवून उपचार करत बसू नकोस, रक्त तपासून घ्यायचं.

निघायच्या आधी लंगोट किंवा डायपर बदल. ओला कपडा बाळाची ऊब सगळ्यात वेगाने चोरतो, कितीही स्वेटर वर असले तरी. अंघोळीनंतर तासभर बाहेर नको, केस मुळापासून कोरडे हवेत. सासूबाई अंघोळीनंतर लगेच पुसून, कोरडं करून गुंडाळत असतील तर ते अगदी योग्य करतात, त्यांना तसं सांग. घरात शेगडी किंवा धुरी करत असतील तर ती मात्र थांबवायला हवी. ओवा, धूप, लसूण काहीही असो, तो धूरच, आणि बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून जो वायू निघतो त्याला वासही नसतो आणि त्याने जीव जातो.

या वयात मला बाबागाडीपेक्षा बाळ अंगाशी बांधलेलं आवडतं. तुझी ऊब तिला मिळते आणि तिची मान तुझ्या बोटांच्या टप्प्यात असते. तेव्हा मात्र तुझं अंग हाच एक थर धर, म्हणजे तिला एक कपडा कमी. तिचा चेहरा तुला सतत दिसला पाहिजे, मान वाकवून कपाळाचा पापा घेता येईल इतकं डोकं वर हवं, हनुवटी छातीत रुतलेली नको. ओढणीने तोंड झाकायचं नाही, रस्त्यावर कुणी 'झाक गं, दृष्ट लागेल' म्हटलं तरी. बाबागाडी घेतलीस तर तिच्यावर दुपटं टाकून तंबू करू नकोस, आत हवा खेळत नाही आणि भराभर तापते.

रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी, त्यात वारा खूप लागतो, तिथे टोपडं आणि दुपटं हवंच. उतरल्यावर काढायचं. आणि आपल्या मुलांना खरा गारठा कुठे लागतो ठाऊक आहे? दवाखान्याच्या एसीत. बाहेर तीस, आत बावीस, आणि लशीसाठी बाळ उघडं करून तासभर थांबायचं. डिसेंबरपेक्षा मे महिन्यात पिशवीत एक पातळ स्वेटर जास्त गरजेचा असतो. घरात एसी लावलात तर २५-२६ वर, झोत पाळण्यावर नको.

आता पोट गार लागण्याचं. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे ठीक. साधा डिजिटल थर्मामीटर घरात ठेव. ३६.५ च्या खाली गेलं तर तिचे कपडे काढून फक्त लंगोट आणि टोपडं ठेव, तुझ्या उघड्या छातीवर उभी घे, वरून दोघींना पांघरूण, आणि दूध पाज. गरम पाण्याची पिशवी नको, नाजूक कातडी भाजते. अर्ध्या-पाऊण तासात पारा चढला नाही, किंवा ती मलूल झाली, दूध ओढेनाशी झाली, रडणं क्षीण झालं, मिनिटाला साठाहून जास्त श्वास घेऊ लागली, तर घरी वेळ काढू नका, थेट दवाखाना. उलट बाजूने, अंग तापलेलं लागलं तर आधी कपडे कमी करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोज, कारण जास्त गुंडाळल्यानेही पारा चढतो. तरीही ३८ किंवा त्यावर असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर. या वयात ताप घरी उतरवत बसायचा नाही, औषधाचा थेंबही आपल्या मनाने द्यायचा नाही.

हे सगळं पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळासाठी. आठव्या महिन्यात झालेलं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ असेल, तर त्याला ऊब जास्त लागते आणि बाहेर नेण्याचं त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. तुझ्यासारखं पत्र लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणी हे वाचत असतील म्हणून लिहिलं.

आणि तू. 'जीव गुदमरतो' हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी तिथे थांबले. संध्याकाळचं चालणं हे बाळाच्या नावाने असलं तरी ते तुझं आहे, आणि तुला ते मिळायलाच हवं. एखाद दिवस बाळ सासूबाईंजवळ ठेवून एकटीच खाली जा. कारण नसताना रडू येणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, कशातच मन नसणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तुझ्या डॉक्टरांना सांग. सांगायला अवघड वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. बाळंतपणात हे अनेकींना होतं, उपचाराने बरं होतं, आणि यात तुझं कुठे काही चुकलेलं नाही.

राहिलं नाशिक. तिथे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तिथे सासूबाईंचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आणि त्यांचा स्वेटर तिथे कामाला येईल, वास नसला तर. संक्रांतीला लेक सहा आठवड्यांची होईल, म्हणजे लशीची वेळ. लस आधी घे आणि मग दोन-तीन दिवस जाऊ दे, लशीने ताप आला तर प्रवासात त्रास होतो. दुपारी पोचाल असं निघा. कारने जाणार असाल तर बाळाची मागे तोंड असलेली सीट घ्या, पट्टे पातळ कपड्यांवरून आवळा आणि दुपटं पट्ट्यांच्या वरून घाला. जाड स्वेटरवरून आवळलेला पट्टा खरं तर सैलच असतो. कसाऱ्याच्या घाटात खिडक्या बंद, पण हीटर मंद. तिथे गेल्यावर रात्री सुती झबलं, पूर्ण सूट, स्वेटर, पायमोजे आणि झोपेची बाळपिशवी, म्हणजे सैल पांघरुणाऐवजी बाळाच्या अंगात घालायची पिशवी, मिळाली तर ती. सकाळी दहाच्या आत बाहेर नको. बोरन्हाण पुढच्या वर्षी करा, ते पाच वर्षांपर्यंत केव्हाही चालतं, आणि हलव्याचे दागिने या वयाच्या कातडीला टोचतात, दाणा सुटून तोंडात गेला तर घशात अडकतो. काळं झबलं घालून फोटो काढा, तीळगूळ तुम्ही खा. निघण्याआधी नाशकातल्या एका बालरोगतज्ज्ञाचा नंबर नात्यातल्या कुणाकडून घेऊन ठेव आणि थर्मामीटर पर्समध्ये टाक.